शकुंतलेचा बायोडेटा

टिटवाळ्याचा महागणपती म्हणजे विवाहविनायक. लग्न जमत नसेल तर जमवतो, मोडायला आलं असेल तर सांधतो, अशी त्याची ख्याती. अंगारकीला कल्याणच्या पुढे गाडीत पाय ठेवायला जागा नसते, आणि रांगेतल्या बऱ्याच आयांच्या पर्समध्ये मुलाचा बायोडेटा असतो. आयटीत नोकरी, उंची पाच-आठ, मंगळ नाही. अपेक्षा : सुस्वरूप, सुशिक्षित, घर सांभाळून नोकरी करणारी, स्वजातीय. शेवटचा शब्द ठळक टायपात.

आता इथल्या आख्यायिकेप्रमाणे हा देव जिला पावला, तिचाही बायोडेटा पाहू. नाव शकुंतला. वडील विश्वामित्र, जन्माने क्षत्रिय, पुढे तपाने ब्राह्मण. जातीच्या रकान्यात काय लिहायचं ते वधूवर सूचक मंडळाने ठरवावं. आई मेनका, नोकरी इंद्राकडे, फिरतीची. दोघांचाही मुलीशी संबंध नाही. जन्मवेळ टिपायला कुणी थांबलंच नाही, त्यामुळे पत्रिका नाही. सांभाळ कण्वांनी केला. आवड : झाडांना पाणी घालणे. लग्न : झालेलं. गांधर्व पद्धतीने, म्हणजे भटजी नाही, अंतरपाट नाही, हॉलचं बुकिंग नाही. नवरा अंगठी देऊन राजधानीला गेला आणि बायकोला साफ विसरला. सध्या दिवस गेलेले.

असं स्थळ सांगून आलं असतं तर? 'आपल्याकडे हे चालत नाही हो,' म्हणून फोन ठेवला असता आणि आई नवस बोलायला टिटवाळ्याला निघाली असती.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं. तेव्हापासून मराठी माणूस तिकीट काढून या मुलीसाठी डोळे पुसतो आहे. शेजारच्या इमारतीतली मुलगी तशीच वागली, की मग त्याला संस्कृती आठवते.

कायद्यापुढेही बिचारीचं अवघडच होतं. आपल्या राज्यात विवाहनोंदणीला तीन साक्षीदार लागतात. तिच्याकडे अनसूया आणि प्रियंवदा या दोन मैत्रिणी, तिसरं हरीण.

सांधायच्या खात्यात बाप्पाला स्पर्धा वाढली आहे, तीही उलट्या बाजूने. संमतीच्या घटस्फोटातली सहा महिने थांबायची अट माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. सांधण्यापलीकडे गेलेलं लग्न आपण थेट मोडू शकतो, हे २०२३ मध्ये. टिटवाळ्यात मात्र अजून पुढच्या संकष्टीचीच तारीख मिळते.

खरी पंचाईत गावातल्या मुलांची. मुंबई-ठाण्याचे लोक लग्न जमावं म्हणून इथे येतात आणि इथल्या मुलाचं लग्न तो इथला म्हणून अडतं. स्वतःचा वन बीएचके, हप्ते निम्मे फिटलेले, खिडकीतून मोकळं रान. मुलगी विचारते, 'स्टेशन कुठलं?' उत्तर ऐकून तिची आईच म्हणते, 'कल्याणच्या पुढे नको गं बाई.' मग तोही देवळात जातो. चालत. तेवढी एक सोय आहे.

या सगळ्यात कण्वांकडे कुणाचं लक्ष जात नाही. गृहस्थ बाहेरगावी होते. परत आले तर मुलीने परस्पर लग्न केलेलं. त्यांनी ना मुलाची जात विचारली, ना चारचौघांत तोंड कसं दाखवू म्हणून कपाळाला हात लावला. मुलीला आशीर्वाद देऊन रीतसर सासरी पाठवलं. अर्थात आश्रमात तेव्हा फॅमिली ग्रुप नव्हता, आणि ग्रुपवर आत्याही नव्हती.