लळ्याची कटती

आजोबा : अडीच हजार? ताई, लेकरू सांभाळायचं आहे, कलेक्टर करायचं नाही.

पाळणाघरवाली : कलेक्टर करायला कमी घेतले असते, आप्पा. त्याला झोपवावं लागत नाही.

आजोबा : पण भाव काढला कसा? काही हिशेब? आम्ही केळी कापायच्या आधी बुऱ्हाणपूरचा भाव बघतो, रावेरचा बघतो, मग बोलतो.

पाळणाघरवाली : मीही काढलाय हिशेब. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, दहा तास. महिन्याचे पंचवीस दिवस. अडीचशे तासांचे अडीच हजार, म्हणजे तासाला दहा रुपये. भुसावळ स्टेशनवर मोटारसायकल ठेवायचे पैसे मुकाट देता ना?

आजोबा : मोटारसायकलची गोष्ट वेगळी. ती चोरीला जाते.

पाळणाघरवाली : आणि नातू?

आजोबा : (जरा थांबून) तसं नाही हो. पण लेकरू दिवसभर खेळतंच तर. त्याच्या खेळण्याचे तुम्ही पैसे घेता!

पाळणाघरवाली : केळीही नुसती उभीच असते की शेतात. तिच्या उभं राहण्याचे तुम्ही कशाला घेता?

आजोबा : वा! खत, ठिबक, करप्याची फवारणी, घडाला पिशवी. तुम्ही काय पिशवी घालता लेकराला?

पाळणाघरवाली : रोज चार. लंगोट म्हणतात त्याला.

आजोबा : बरं, मग वजनावर लावा. बारा किलोचं आहे. दोन महिन्यांच्या पोराला आणि माझ्या नातवाला एकच दर, हा कुठला न्याय? मालाची प्रत बघा. याला भरवावं लागत नाही, स्वतःच्या हातानं खातो.

पाळणाघरवाली : स्वतःचं खातो आणि शेजारच्याचंही खातो. त्याचा दर वाढवायला हवा खरं तर.

आजोबा : आणि सुट्टीचे पैसे? आखाजीला चार दिवस गावाला गेलो होतो. तेवढी कटती करा.

पाळणाघरवाली : आखाजीवरून बरं आठवलं. सालदाराचं साल आखाजीला ठरतं ना? पाऊस लागला आणि शेतात पाय टाकता आला नाही, तर त्या दिवसांची कटती करता?

आजोबा : केली तर दुसऱ्या दिवशी तो शेजाऱ्याकडे जाईल.

पाळणाघरवाली : तेच. सालदार निघून जाऊ शकतो, म्हणून त्याची कटती होत नाही. मी कुठे जाणार? घर माझं, ओसरी माझी.

आजोबा : सरकारची अंगणवाडी आहे. 1975 पासून आहे. एक पैसा पडत नाही, वर खिचडी.

पाळणाघरवाली : चांगली आहे अंगणवाडी, घाला. ती दुपारी सुटली की पोराला कुठे ठेवाल? सूनबाईंची एसटी भुसावळहून साडेसहाला येते, ती पण आली तर.

आजोबा : आजी आहे घरी.

पाळणाघरवाली : आजीनं हात टेकले म्हणून तर तुम्ही इथे आलात.

(हे खरं होतं. आजी गुडघ्यांचं निमित्त सांगतात, पण गुडघे नातू चालायला लागल्यापासूनच दुखतात.)

आजोबा : कायदा आहे म्हणे आता. कामावर नेणाऱ्यानंच पाळणाघर काढायचं.

पाळणाघरवाली : आहे. 2017 ला झाला. पन्नास माणसं कामाला असतील तिथे. सूनबाईंच्या दवाखान्यात किती?

आजोबा : डॉक्टर धरून सात.

पाळणाघरवाली : म्हणून कायदा दिल्लीत राहिला आणि पोरगं माझ्या ओसरीवर. आणि आप्पा, तुमच्याकडे कापणीला किती असतात?

आजोबा : एकोणपन्नास. कधीच वर जात नाहीत. (भिंतीवरच्या फोटोकडे बघून) या कोण? तुमच्या सासूबाई?

पाळणाघरवाली : ताराबाई मोडक. 1945 ला बोर्डीला खेड्यातल्या पोरांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं त्यांनी.

आजोबा : त्या किती घ्यायच्या?

पाळणाघरवाली : तो फोटो मी उद्या काढून ठेवते. जो येतो तो हेच विचारतो.

आजोबा : रागावू नका. पण पूर्वी कुठे होती हो पाळणाघरं? 1936 ला इथे फैजपूरला काँग्रेस भरली. खेड्यात भरलेली पहिली. नेहरू अध्यक्ष, गांधीजी हजर, अख्खा खानदेश लोटला होता. तेव्हा लेकरं सांभाळली नाहीत का कोणी?

पाळणाघरवाली : सांभाळली की. बायकांनी. फुकट. म्हणून तर नेहरूंचं नाव राहिलं आणि त्यांचं नाही.

आजोबा : तुम्ही प्रत्येक गोष्ट पैशावर आणता.

पाळणाघरवाली : पैशावर तुम्ही आणली. मी नऊला पोराला घेतलं तेव्हा त्याच्या नाकाकडे बघितलं, खिशाकडे नाही.

आजोबा : बरं, शेवटचं सांगतो. दोन हजार. आता मोडू नका. पोराला तुमचा लळा लागलाय, घरी रात्री तुमचंच नाव घेतो. आता त्याला दुसरीकडे टाकायचं म्हणजे...

पाळणाघरवाली : म्हणजे?

आजोबा : म्हणजे तुम्हालाच करमणार नाही.

पाळणाघरवाली : आप्पा, परवा पारावर तुम्ही व्यापाऱ्याला शिव्या देत होतात. काय केलं होतं त्यानं?

आजोबा : काय करणार! फलकावर एक भाव आणि हातात दुसरा. वर म्हणतो, देत असाल तर द्या, नाही तर राहू द्या झाडावर. त्याला माहीत असतं, घड झाडावर थांबत नाही. दोन दिवसांत पिवळा पडला की कोण घेतो? गळा धरतात हो, गळा!

पाळणाघरवाली : मग तुम्ही माझं काय धरलंय?

आजोबा : (आवाज चढवून) हे पहा, केळीवर जायचं नाही. केळी म्हणजे आमचा जीव आहे. कर्ज काढून लावतो आम्ही. गारपीट झाली, वादळ आलं, सगळं आडवं. तुमचं काय आडवं होतं?

पाळणाघरवाली : कंबर. आणि जीव म्हणाल तर, आप्पा, फेब्रुवारीत आठ पोरं एकदम तापानं फणफणली. माझी स्वतःची लेक दहावीला होती. ती आतल्या खोलीत कानात बोळे घालून बसली. केळीला निदान विमा असतो. तुमचा माल पिवळा पडेल म्हणून व्यापारी तुम्हाला वाकवतो, आणि माझा जीव पोरावर बसलाय म्हणून तुम्ही मला. त्याच्या फलकावर भाव तरी लिहिलेला असतो. माझ्या फलकावर 'मायेनं सांभाळतो' लिहिलं, तीच चूक झाली.

(थोडा वेळ कोणीच बोललं नाही. आतून कोणीतरी डबा वाजवत होतं. आजोबांनी सवयीनं मोबाईल काढला, भाव बघितला, परत ठेवला.)

आजोबा : पडला का आणखी, बघत होतो.

पाळणाघरवाली : पडला?

आजोबा : पडला. ...सव्वादोन करा.

पाळणाघरवाली : अडीच. आणि सातच्या पुढे अर्ध्या तासाचे पन्नास. पावणेआठ झाले.

आजोबा : अहो, हे तर बोलण्यात गेले!

पाळणाघरवाली : माझेही त्यातच गेले.

आजोबा : चल रे बाळा, चल घरी. ...अरे, चल! ...बघा, पदर सोडत नाही. आज इथेच राहतो वाटतं हा.

पाळणाघरवाली : राहू द्या. रात्रीचा दर वेगळा आहे.

आजोबा : किती?

पाळणाघरवाली : थांबा, बुऱ्हाणपूरला विचारून सांगते.