गोठलेला निग्रह

साखर बंद झालेल्या घरात सगळ्यात आधी वाढते ती साखरेची चर्चा. ह्यांच्या रक्ततपासणीचा कागद आला आणि आमचा साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला. पण उन्हाळा आईस्क्रीमवाचून काढणं कुणालाच मान्य नव्हतं. तेव्हा घरच्या घरी, बिनसाखरेचं, स्ट्रॉबेरी आणि क्रीमचं आईस्क्रीम करायचं, असा ठराव एकमताने मंजूर झाला. मत देणारे सगळे खाणारे होते. करणारी एकटी मी.

स्ट्रॉबेरी महाबळेश्वरची. तिला २०१० साली जीआय मानांकन मिळालं आहे आणि विक्रेते भाव सांगताना तेही वजनात धरतात. क्रीम खोक्यातलं, २५ टक्के स्निग्धांशाचं. फेटून फुलायला निदान तिशी गाठावी लागते, त्यामुळे ते ढिम्म राहिलं. रात्रभर गोठवून डब्यातून निघाला तो गुलाबी जांभा दगड. चमचा वाकला, ह्यांचा निग्रह मात्र शाबूत.

साखर नुसती गोडीसाठी नसते, हे तेव्हा घराला कळलं. ती पाण्याला पुरतं गोठू देत नाही. म्हणून उणे १८ अंशांतलं विकतचं आईस्क्रीमही चमच्याला दाद देतं. स्ट्रॉबेरीत नव्वद टक्के पाणीच. त्याला आवरणारं कुणी नको? त्यात गारव्याने जिभेला गोडी कमी कळते, ती वेगळीच.

मग सल्लागार जमले. सासूबाई म्हणाल्या, "गूळ घाल, गुळाने काही होत नाही." नणंद म्हणाली, "वहिनी, कंडेन्स्ड मिल्क घाला, साखर लागतच नाही." कशी लागेल? चाळीस टक्क्यांच्या आसपास आधीच घातलेली असते. स्टीव्हियाची चिमूट गोड करते, पण एवढीशी चिमूट बर्फाला काय अडवणार? भाचा म्हणाला, "मामी, थोडी रम घाल, ती गोठत नाही." एवढा एकच सल्ला ह्यांनी लिहून घेतला.

अखेर जमलं ते असं: स्ट्रॉबेरी मंद आचेवर आटवून पाणी उडवायचं, गार झाल्यावर त्यात चक्का, क्रीम आणि मोजून थोडी साखर घालायची. गोठताना तासातासाने काढून काट्याने खरवडायचं, म्हणजे बर्फाचे खडे मोठे होत नाहीत. पूर्वी बर्फ-मीठ भरलेल्या पॉटचा दांडा फिरवताना हेच व्हायचं. फक्त पॉट हलू नये म्हणून त्यावर बसायला घरातलं एक वजनदार माणूस लागायचं. खाण्याआधी डबा दहा मिनिटं बाहेर ठेवावा आणि त्याच्यावर पहारा ठेवावा.

साखर अजिबातच नको असेल, तर ताजी स्ट्रॉबेरी क्रीम घालून न गोठवता खावी. निदान आमच्या घरी आईस्क्रीम कमी साखरेचं होतं, बिनसाखरेचं होत नाही. आणि कमी साखरेचं म्हणून दोन वाट्या खाल्ल्या, तर तेही कमी साखरेचं राहत नाही.