आरामाच्या संयोजिका

व्हॉट्सॲपवर दोनच सदस्यांचा ग्रुप काढता येतो, हे बऱ्याच जणांच्या कधी डोक्यातही येत नाही. संयोजिकाबाईंच्या येतं. जुन्या मैत्रिणीबरोबर शनिवार-रविवार स्पाला जायचं ठरलं की त्या आधी ग्रुप काढतात, त्याला ‘फक्त आपण दोघी’ असं नाव देतात, स्वतः ॲडमिन होतात आणि पहिली सूचना टाकतात : ‘इथे सुप्रभातचे मेसेज टाकू नयेत.’ मैत्रिणीला सरळ फोन का करत नाही, असं नवऱ्याने विचारलं तर उत्तर तयार असतं. ‘फोनवरचं ती विसरते. ग्रुपवर पुरावा राहतो.’

या बाई ठाण्यात, डोंबिवलीत, कोथरूडला, नाशिकच्या कॉलेज रोडवर, कुठेही भेटतात. वय पंचेचाळीस ते पंचावन्न. बँकेत, शाळेत नाहीतर विमा कंपनीत नोकरी. सोसायटीच्या गणपतीत प्रसादाचं खातं त्यांच्याकडे, हळदीकुंकवाच्या वाणाची घाऊक खरेदीही त्यांच्याकडेच. ‘मला आता काही म्हणजे काही करायचं नाहीये, नुसतं पडून राहायचंय,’ हे वाक्य त्या ज्या आवेशात उच्चारतात, त्या आवेशात लोक निवडणुकीचा अर्ज भरायला जातात.

ठिकाण ठरवायला तीन आठवडे लागतात. महाबळेश्वर लांब पडतं, कर्जतला उकडतं. सहभागी मैत्रीण (तिला सहभागीच म्हणू, कारण तिच्याकडे दुसरं काही काम ठेवलेलंच नसतं) एकदाच भीत भीत इगतपुरी सुचवते. पण इगतपुरी म्हटलं की संयोजिकाबाईंना धम्मगिरी आठवते, तिथलं विपश्यनेचं दहा दिवसांचं मौन आठवतं, आणि नुसत्या कल्पनेनेच त्यांना घाम फुटतो. शेवटी लोणावळा. ते पहिल्या दिवशीही लोणावळाच होतं, पण तीन आठवडे चर्चा न होता ठरलेल्या गोष्टीवर बाईंचा विश्वास नसतो.

मग खोली. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या हॉटेलच्या खोलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला आणि सलून, योग, शरीरस्वास्थ्य वगैरे सेवांवरचा १८ वरून ५ वर. अर्थमंत्र्यांच्या खालोखाल ही तारीख कोणाला पाठ असेल, तर या बाईंना. ‘खोली साडेसातच्या वर दहा रुपये जरी गेली ना, तरी अठरा टक्के लागतात. कळतंय का तुला?’ सहभागी अंगठा पाठवते. तिला कळलेलं नसतं, पण ग्रुपवर पुरावा राहतो.

सामानाचं वर्णन करायला वेगळा लेख लागेल. स्पामध्ये टॉवेल मिळतात, तरी घरचे दोन. तेलाचे डाग पडतात म्हणून एक जुना गाऊन. विजेची किटली, चहा-साखरेच्या पुड्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, एक्स्टेन्शन बोर्ड, डास मारायची रॅकेट. पुस्तकही असतं. ते गेल्या खेपेलाही होतं आणि खूणही त्याच पानावर आहे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा, त्यातही लोणावळा अलीकडेच. कागदावर सगळं सोपं. पण शनिवारी ऊन वर आलं की खंडाळ्याच्या घाटात गाड्यांची रांग लागते, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून निघायचं साडेपाचला आणि गजर साडेचारचा. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हा ती आठवड्याअखेरीच धावायची, मुंबईच्या शौकीन मंडळींना पुण्याच्या रेसला घेऊन. त्या मंडळींनी मौजेसाठी साडेचारचा गजर लावला असेल असं वाटत नाही. परिणामी दोघी पावणेआठला हॉटेलच्या दारात हजर होतात आणि खोली मिळणार दुपारी दोनला. मधल्या वेळात बाई मॅनेजरशी बोलून घेतात. खोली साडेअकराला मिळते. हे कसं जमतं, ते मॅनेजरलाही नीटसं सांगता येत नाही.

स्वागताला काचेच्या पेल्यात गवती चहाचं गार पाणी येतं. ‘अगं, हा तर आपल्या गॅलरीतल्या कुंडीतला,’ बाई जाहीर करतात आणि त्यात आलं घातलं असतं तर कसं छान लागलं असतं, तेही पेला घेऊन आलेल्या मुलाला सांगून ठेवतात.

त्यांची खरी कसोटी उपचारांच्या यादीपाशी लागते. स्वीडिश मसाज पाहिला की त्या म्हणतात, ‘हा खरं तर स्वीडनचा नाहीच.’ यात त्या बरोबर असतात. त्या पद्धतीच्या हातांच्या हालचाली नीट लावून त्यांना नावं दिली, ती योहान मेट्सगर या एकोणिसाव्या शतकातल्या डच डॉक्टरने. स्वीडनमध्ये लोक त्याला नुसता ‘क्लासिक मसाज’ म्हणतात. बाईंनी हे आदल्या रात्री वाचलेलं असतं. अभ्यंगाबद्दल मात्र त्यांना वाचावं लागत नाही. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त अभ्यंग रोज करावा, त्यातही डोकं, कान आणि पाय सोडू नयेत असं सांगून ठेवलंय. मराठी बाईला तो रोज नाही, पण आयुष्यात ठरावीक मुक्कामांवर मिळतोच. तान्ही असताना आजीच्या पसरलेल्या पायांवर. नरक चतुर्दशीला पहाटे, उटण्यासकट, कुडकुडत. आणि बाळंतपणात, जेव्हा तेल लावणारी मावशी रोज सकाळी येऊन आई आणि बाळ दोघांनाही रगडून काढते, मग कढत पाणी, मग शेक, मग ओवा-वेखंडाची धुरी. त्या मावशीच्या हाताची सर कोणत्याही पंचतारांकित हाताला नाही, हे बाईंचं मत आहे आणि ते खोडून काढणं अवघड आहे. म्हणून त्या काउंटरवरच्या मुलीला विचारतात, ‘तेल तिळाचं का खोबरेल? कोमट करता की असंच?’ सासूबाईंनी निघताना टोमणा मारलेला असतोच : ‘एवढ्या पैशात वज्रेश्वरीच्या कुंडात अंघोळ झाली असती, देवीचं दर्शनही झालं असतं.’

टेबलावर पालथं झाल्यावर माणसाने गप्प राहावं अशी अपेक्षा असते. मंद दिवा, बासरीची कॅसेट-छाप धून. बाई गप्प राहतात. अंदाजे दोन मिनिटं. मग सुरू होतं, ‘वो डावा खांदा जरा जोर से, उधर पर्स लटकाती हूँ.’ त्यानंतर, ‘आप किधर के?’ मुलगी ऐझॉलची निघते. तास संपेपर्यंत तिचे भाऊ किती, धाकटा काय शिकतो, ती घरी किती पैसे पाठवते, इथे डाळ खाऊन पोट बिघडतं का, सगळं बाहेर येतं. तिला पोस्टात आवर्ती ठेव कशी उघडायची याचं मार्गदर्शन मिळतं. पोरगी हसते आणि नकळत दहा मिनिटं जास्त देते.

शिरोधारेत बोलता येत नाही. कपाळावर तेलाची धार चालू, मान हलवायची नाही. या अर्ध्या तासात बाईंचं डोकं जेवढं चालतं तेवढं वर्षअखेरीच्या ताळेबंदालाही चालत नाही. गीझर बंद केला का? कणीक फ्रिजमध्ये आहे हे त्याला सांगितलं का? आणि हे एवढं तेल, हे नंतर जातं कुठे?

हसण्यावारी नेण्याआधी एक सरकारी आकडा पाहा. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. (२०१९ ला बायकांचा आकडा ३१५ होता, म्हणजे प्रगती आहे.) रोज पावणेपाच तासांहून जास्त वेळ घर चालवणारं डोकं साठ मिनिटांच्या पॅकेजमध्ये कसं थांबायचं? शिवाय लॉकरमधल्या फोनवर तेवढ्यात ‘हिंग कुठे आहे’ हा मेसेज येऊन पडलेला असतो. फोडणीच्या डब्याशेजारी, जिथे तो एकोणीस वर्षं आहे.

सहभागीचं असं काही नसतं. ती टेबलावर पडते आणि झोपते. घोरते. बेल्जियममधलं स्पा हे गाव खनिज पाण्याच्या स्नानांसाठी शतकानुशतकं नावाजलेलं, २०२१ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीतही गेलेलं, आणि त्याच्याच शेजारी फॉर्म्युला वनच्या गाड्यांचा ट्रॅक आहे. तेव्हा आराम आणि घरघर यांचं वैर नाही, हे सिद्धच आहे. संयोजिकाबाईंना ते पटत नाही. पडद्यापलीकडून आवाज येतो, ‘ए, झोपायला आलीयेस का इथे?’

एवढ्या गोंधळात सहल सार्थकी कधी लागते? माझ्या मते रात्री साडेदहानंतर, किटलीतल्या चहावर. सहभागी तेव्हा आईच्या आजारपणाचं, भावाशी झालेल्या बोलाचालीचं काहीतरी सांगायला लागते, जे ग्रुपवर लिहिता येत नाही. बाई एकही सूचना करत नाहीत, मधे बोलत नाहीत, घड्याळ बघत नाहीत. असं वर्षातून एकदाच होत असेल. दोन वाजता त्या ‘बरं, झोप आता’ म्हणतात आणि सातचा गजर लावतात, कारण नाश्ता भाड्यात धरलेला असतो.

रविवारी परतताना चिक्की, फज, घरच्यांसाठी वडापाव, मग पुन्हा घाट. सोमवारी अकराच्या आत ग्रुपवर हिशोब येतो : खोली, पेट्रोल, टोल, अभ्यंग दोन, शिरोधारा एक, चिक्की अर्धी-अर्धी, मॅनेजरला दिलेली बक्षिसी. खाली पुढच्या वर्षीच्या तीन संभाव्य तारखा.

अशी मैत्रीण तुम्हाला असेल आणि तिने यंदा बोलावलं, तर जरूर जा. फक्त तुमच्या वाट्याचे पैसे त्याच दिवशी यूपीआयने पाठवून द्या. मंगळवारपर्यंत राहिले तर ती ग्रुपवर आठवण टाकते, आणि त्या ग्रुपवर दुसरं कोणीच नसतं.