सेटिंगला नाव कसं ठेवावं (लोकांनी नावं ठेवण्याआधी)

तुम्ही टेक्स्ट एडिटर बनवलाय, त्यात मराठी टाइप करता येतं, आणि आता फक्त सेटिंगच्या पानावरची चार-पाच नावं लिहायची राहिलीत. 'फक्त' म्हणालात ना? बसा.

साहित्य: एक कोरा कागद, एक कप चहा आणि सॉफ्टवेअरमधलं ओ की ठो न कळणारा एक तोंडाळ माणूस. पुण्यात ही तिसरी वस्तू शोधावी लागत नाही. आमच्याकडे वरच्या मजल्यावर नाना आहेत.

सुरुवात मारुतीपासून करा. नुसतं 'मारुती' म्हटलं तर पुण्यात रिक्षा जागची हलत नाही. जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, डुल्या मारुती, भिकारदास मारुती. देव एकच, पण विशेषणाशिवाय पत्ता लागत नाही. तुमच्या यादीत मात्र 'मराठी', 'मराठी (भारत)' आणि 'मराठी २' असे तीन बिनविशेषणाचे मारुती ओळीने बसलेत.

नानांना सोसायटीची नोटीस काढायची होती. त्यांनी साहजिकच 'मराठी' निवडलं आणि चष्मा कपाळावर सरकवून एकेका बोटाने पी, यू, एन, ई दाबलं. पडद्यावर उमटलं: 'जहला'.

"हे कुठल्या तालुक्यात आलं?" नाना म्हणाले.

'मराठी' या नावाआड इन्स्क्रिप्ट नावाची कीबोर्डची मांडणी बसली होती. तिथे पीवर ज, यूवर ह, एनवर ल आणि ईवर काना. मांडणी खरं तर फार शहाणी आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या; कच्या बटणावर शिफ्ट धरलं की ख, गच्या बटणावर घ; आणि बंगाली असो की कन्नड, क त्याच जागी. १९९१ च्या भारतीय मानकात ती आहे, आणि ती रुजवण्यात ज्या सी-डॅकचा मोठा वाटा, ती संस्था १९८८ पासून आपल्याच गावात. एवढं सगळं असून नावात त्यातलं काही नाही. मग लिहा की 'स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे (इन्स्क्रिप्ट)'. म आणि न डाव्या हाताला घसरलेत, हे मला कळवू नका. नावात तेवढं चालतं.

'ध्वन्यात्मक लिप्यंतरण' वाचून नानांनी विचारलं, यावर औषध काय? तिथे 'इंग्रजी स्पेलिंगने मराठी' लिहा, आणि णसाठी शिफ्ट लागत असेल तर तेही शेजारीच सांगा. सदाशिव पेठेतल्या माणसाला 'पुने' दिसलं तर तो एडिटर काढून टाकेल, आणि मी त्याच्या बाजूने उभा राहीन. 'रेमिंग्टन' म्हणजे आजच्या मुलांना दाढीचं यंत्र, 'टाइपरायटरसारखा' म्हणा.

'नवीन' हा शब्द कुठल्याच नावात घालू नका. शनिवारवाड्याजवळचा शिवाजी पूल १९२३ सालचा आहे. आम्ही त्याला अजून नवा पूल म्हणतो.

आता अवघड भाग. मराठीत एक र असा आहे की त्याचा रफार होत नाही, तो पुढच्या अक्षराला आडवा चिकटतो. प्रोग्रामर त्याला 'आयलॅश' म्हणतात. त्याचं भाषांतर करून 'पापणी-र सक्षम करा' असं लिहायचा मोह होईल. हात मागे बांधा. त्याच्याच शेजारी जोडणीचं एक अदृश्य चिन्ह असतं, त्याला शब्दशः 'शून्य-रुंदी संयोजक' म्हणणारे लोकही मी पाहिलेत.

खरं म्हणजे अक्षरांना नावं द्यायची आपली रीत पहिलीपासून ठरलेली आहे: नळातला न, बाणातला ण, पोटफोड्या ष. अक्षर जिथे भेटतं किंवा जसं दिसतं, तेच त्याचं नाव. व्याख्या कोणी सांगत नाही आणि चुकतही कोणी नाही. तीच रीत इथे लावा.

उदाहरण नानांनीच पुरवलं. गणपतीच्या जेवणावळीनंतर त्यांनी नोटीस लावली, 'आचार्यांचे पैसे द्यायचे राहिले आहेत'. दोन बिऱ्हाडांनी जिन्यात गाठून विचारलं, प्रवचन कधी झालं, आम्हाला का नाही सांगितलं? हवा होता तो 'आचाऱ्यांचे'. इन्स्क्रिप्टमध्ये जेवर शिफ्ट धरलं की तो ऱ मिळतो, पुढे डीने पाय मोडायचा आणि मग य. पण हे सांगणारं सेटिंग 'प्रगत आदान पर्याय'च्या पोटात तिसऱ्या पायरीवर झोपलं होतं.

त्याचं नाव आम्ही 'आचाऱ्यांतला ऱ' असं केलं आणि नानांना परत बसवलं. या वेळी त्यांनी चष्मासुद्धा खाली न घेता ते शोधलं. तक्रार एकच: उदाहरणात तो आचारी नको, मसालेभात खारट होता.