भाच्याचा गिग : मामांसाठी शास्त्रोक्त मार्गदर्शन

भाचा ड्रम वाजवायला लागला असे कळताच मामाने सर्वप्रथम आपली चारचाकी विकावी. दुचाकीवाल्या मामाला गिगचे आमंत्रण येत नाही. ज्यांना बँकेच्या हप्त्यांमुळे किंवा बायकोच्या विरोधामुळे गाडी विकता येत नाही, त्यांच्यासाठी पुढील नियम सिद्ध केले आहेत. ते पुण्यातल्या छोट्या जागांना लागू आहेत. छोटी जागा म्हणजे एखाद्या इमारतीचे तळघर, पबचा मागचा कोपरा किंवा पत्रे टाकलेली गच्ची. शनिवारी संध्याकाळी तिथे चार स्थानिक बँड वाजवणार असतात आणि आपल्या भाच्याच्या बँडचे नाव पोस्टरवर सगळ्यात खाली, चष्मा पुसून वाचावे लागेल अशा अक्षरात असते. मुंबई, नाशिक आणि पणजीच्या मामांनी आपापल्या रहदारीनुसार फेरफार करून घ्यावेत.

नियम पहिला. भाचा ‘थोडंसंच सामान आहे’ म्हणाला की मागची सीट आडवी करावी. अशा रात्री ड्रमसेट एकच असतो आणि चारही बँड तोच वाजवतात, हे खरे. पण या कायद्याला एक पोटकलम आहे आणि ते भाचा कधीच सांगत नाही. स्नेअर, सिंबल आणि किक पेडल ज्याचे त्याने आणायचे असते. सिंबलला चीर जाते, स्नेअरचे कातडे फाटते आणि पेडलच्या स्प्रिंगचा ताण ज्याच्या त्याच्या पायाच्या सवयीचा असतो, त्यामुळे या तीन चिजा मागणे शिष्टाचारात बसत नाही. सिंबल ब्राँझची असतात. पिशवी दिसायला चपटी असते, तीन जिने चढून-उतरून झाल्यावर ब्राँझ म्हणजे काय ते खांद्याला कळते.

सोबत सतरंजी घ्यावी. हसू नये. गुळगुळीत फरशीवर लाथ बसेल तसा किक ड्रम पुढे पुढे सरकत जातो आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत ड्रमर लंगडी घालायच्या अवस्थेत पोचतो. सतरंजी अंथरली की ड्रमही तिच्यावर आणि ड्रमरचे स्टूलही तिच्यावर. म्हणजे सरकायला निघालेल्या ड्रमला ड्रमरचे स्वतःचेच वजन धरून ठेवते. आमच्या घरची सत्यनारायणाला काढायची सतरंजी या कामी रुजू आहे. तिला किकच्या टोकदार पायांनी भोके पाडली आहेत. आईला वाटते कसर लागली. ती डांबराच्या गोळ्या वाढवत असते, आणि त्यामुळे स्टेजवर गेली की सतरंजीचा वास शेवटच्या रांगेपर्यंत येतो.

नियम दुसरा. हाय-हॅटचा क्लच हरवतोच. एक जादा आपल्या खिशात ठेवावा. भाच्याला सांगू नये, नाहीतर तोही हरवेल.

आता गिटारवाल्याकडे वळू. प्रस्तुत मार्गदर्शनाचा निम्मा हेतू तोच आहे. गिटारवाला पाठीवर एक हलकी पिशवी अडकवून स्कूटरवर येतो, आणि नेमका शेवटचा स्टँड आत गेल्यावर येतो. हातात कॉफी असते. ‘काका, काही मदत?’ असे विचारतो. मी मामा आहे हे त्याला शाळेत असल्यापासून माहीत आहे. त्याच्या पिशवीत इफेक्टच्या पेडलांची एक फळी असते. त्या सगळ्यांना नऊ व्होल्टचा एकच अडॅप्टर एकातून दुसऱ्यात अशी तार ओवून पुरवलेला असतो. ती तार एके ठिकाणी सैल असते. कुठे, ते शोधण्याचा मुहूर्त साउंडचेकचा.

साउंडचेक उलट्या क्रमाने होतो. सगळ्यात शेवटी वाजवणारा बँड सगळ्यात आधी आवाज तपासून घेतो आणि सगळ्यात आधी वाजवणारा सगळ्यात शेवटी, म्हणजे त्याचे सामान लावलेले असते तसेच राहते आणि दार उघडले की सुरुवात करता येते. योजना निर्दोष आहे. फक्त दुपारी चारला बोलावलेला शेवटचा बँड साडेपाचला येतो, मधले दोघे घाम पुसत मांडामांड करतात, आणि पहिल्या नंबरच्या पोरांना, म्हणजे आपल्या, माइक चालू आहे की नाही एवढेच बघायला मिळते. याला लाइन चेक म्हणतात. दुपारपासून दाराशी बसलेली पोरं हीच, आणि चेक न मिळालेलीही हीच. मामाने इथे रागवायचे नसते. मी रागावतो.

या काळात गिटारवाला ट्यूनिंग करील. माझ्या पिढीच्या मामांना याचा वैताग येतो आणि तो अन्यायाचा आहे. सवाई गंधर्व महोत्सवात दोन तानपुरे लागेपर्यंत आपण किती भक्तिभावाने बसतो! तार जुळली की शेजारचा डोळे मिटतो, आपणही मिटतो. मग वीस वर्षांच्या पोराने सहा तारा जुळवल्या की घड्याळ कशाला बघायचे? बाहेर पाऊस, आत एसी, तारा उतरणारच. फक्त हे काम पायातला ट्यूनर चालू करून, स्पीकरचा आवाज बंद ठेवून, मुकाट्याने करता येते. तेवढे आपल्या गिटारवाल्याला कोणीतरी सांगावे.

साउंड बघणाऱ्या दादांना सल्ला देऊ नये. त्यांचे नाव विचारावे, पाणी हवे का विचारावे, आणि गप्प राहावे. ‘गाणाऱ्याचा आवाजच ऐकू येत नाही हो,’ हे वाक्य प्रत्येक गिगला एक तरी आई त्यांना ऐकवते. आईचे खरे असते, पण दोष दादांचा नसतो. एवढ्याशा खोलीत ड्रमला माइकची गरजच नसते, तो नुसताच कान फाडतो. गिटारचा अँप असतो जमिनीवर, त्याचे तोंड वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांकडे. पोटऱ्यांना कान नसतात. म्हणून गिटारवाल्याला स्वतःचे वाजवणे कमी वाटते, तो आवाज वाढवतो, मग बासवाला वाढवतो, आणि गाणारी मुलगी बिचारी तोंड उघडते-मिटते एवढेच दिसते. उपाय फुकटचा आहे : अँप खुर्चीवर ठेवायचा किंवा मागे कलता करायचा. कानाशी आला की आवाज आपोआप उतरतो. मी हे आमच्या गिटारवाल्याला तीन गिग सांगत होतो. दादा नुसते ‘खुर्चीवर घे’ म्हणाले आणि त्याने घेतला.

गाणाऱ्याने माइकची जाळी मुठीत धरू नये. फोटोत छान दिसते. पण माइक समोरचे ऐकण्यासाठी घडवलेला असतो; त्याच्या मागच्या फटी झाकल्या की तो चहूकडचे ऐकायला लागतो, मॉनिटरमधला स्वतःचाच आवाज पुन्हा घेतो, आणि शिट्टी सुटते. तिला फीडबॅक म्हणतात. ती ऐकून बारटेंडर ग्लास सोडतो.

उभे कुठे राहावे? दादांच्या टेबलाशेजारी. ते तिथे ऐकून आवाज जुळवतात, तेव्हा खोलीतला सर्वांत समजूतदार आवाज तिथेच असतो. स्पीकरसमोर उभे राहून तोंडावर कौतुक आणणाऱ्या आत्यांना हाताला धरून मागे आणावे. कानात कापूस घालू नये, अत्तराचा फाया तर मुळीच नाही. कापसाने वरचे सूर मारले जातात आणि धोका तसाच राहतो. औषधांच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात. सुरक्षिततेचे एक प्रचलित गणित असे : ८५ डेसिबल आठ तास चालतात आणि पुढे प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. भाच्याच्या तिसऱ्या गाण्यातच ती संपतात. बोळे आधी भाच्याला द्यावेत. तो नको म्हणेल. आईला सांगेन म्हणावे.

टाळी देण्याबद्दल. दुसरा बँड बहुधा सात मात्रांत वाजवणारा असतो. सात मोजून होताच मामाला रूपक ताल सापडल्याचा आनंद होतो आणि हात मांडीवर जातो. जाऊ देऊ नये. रूपकाची सम खालीवर आणि यांची किकच्या दणक्यावर. आपण हात हवेत सोडतो तिथे ही पोरं आख्खी लाथ मारतात, आणि शेजारचे कान टवकारून बघतात. गाणे संपले वाटले तरी भाच्याच्या काठ्या बघाव्यात. काठ्या खाली आल्या तर संपले.

यापुढचा नियम मोडणाऱ्याला मी गाडीत घेत नाही : आपला बँड झाला म्हणून निघायचे नाही.

पहिल्या बँडला खोली भरते. आई-बाबा, कॉलेजचे मित्र, केक घेऊन आलेली मैत्रीण. पाच गाणी, मिठ्या, सेल्फी, आणि सगळी वरात दाराबाहेर. चौथ्या बँडसमोर उरतात आधीच्या तीन बँडांतले दमलेले वाजवणारे, दादा आणि आम्ही. माणसे गेली की खोलीचा आवाजही बिघडतो, कारण तो शोषणारे कपडे आणि अंगे घरी गेलेली असतात. चौथा बँड सर्वांत चांगला असतो. शेवटी ठेवलेला असतो तो त्यासाठीच. त्यांचा बासवाला दिवसभर कुठेतरी नोकरी करून आलेला, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, आणि मोजकी माणसे समोर असताना असा वाजवतो की मला आपण तिकीट काढले याचेच बरे वाटते. भाच्याच्या नावाखाली फुकट सोडत असले तरी तिकीट काढावे.

या चौथ्या बँडची वेळ खाणारे दोघे : एक कायदा आणि एक आपला गिटारवाला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. बंदिस्त सभागृहाला त्यात सूट आहे, पण वरच्या मजल्यावरच्या आजोबांना कलमे पाठ नसतात, पोलिसांचा नंबर पाठ असतो. रात्र रात्र रंगणाऱ्या सवाईलाही दहाच्या आत आवरते घ्यावे लागले, तिथे तळघरातल्या पोरांचे काय? मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ साली इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला, आणि पुढे ते रंगभवनच शांतता क्षेत्रात मोडते म्हणून वाजवण्याला बंद झाले. लोअर परळचा ब्लू फ्रॉग क्लब २००७ ला उघडला आणि २०१६ ला मिटला. जागा मिळते आहे तोवर ती वेळेत रिकामी करून देणे हे आलेच.

म्हणून नियम, शेवटून दुसरा : स्टेजवर काहीही सोडत बसायचे नाही. सिंबल स्टँडसकट उचलायचे, खाली आणायचे आणि नट-बोल्ट, वॉशर, लोकरीच्या चकत्या जमिनीवर बसून काढायच्या. भाच्याला हे जमते. पाच मिनिटांत स्टेज साफ. गिटारवाला मात्र तिथेच उकिडवा बसून वायरची वेटोळी घालत, येणाऱ्या प्रत्येक मित्राला ‘कसा वाटला टोन?’ विचारत राहतो. त्याची दहा मिनिटे म्हणजे चौथ्या बँडची दोन गाणी. अशा वेळी मामाने स्टेजवर जाऊन त्याची पेडलांची फळी जशीच्या तशी, तारांसकट उचलून खाली आणावी. तो ओरडेल. ओरडू द्यावे, माइक बंद असतो.

मानधन : पेट्रोल निघत नाही.

परतीच्या वाटेवर भाचा काही बोलणार नाही. काठ्या गुडघ्यावर हळूहळू आपटत राहील. सिग्नलला विचारील, ‘मामा, कसं झालं रे?’ तेव्हा ‘छान’ म्हणू नये. छान सगळेच म्हणतात, आणि त्याला ते माहीत आहे. एकच नेमकी गोष्ट सांगावी. चौथ्या गाण्यात मधली शांतता संपल्यावर तुझी किक आणि बास एका क्षणी पडले, तेव्हा दादांनी टेबलावरून मान वर केली, असे काहीतरी. त्यासाठी गिग खरोखर ऐकावा लागतो, हा या उपायातला दोष आहे. त्याने काठ्या थांबवल्या तर समजावे पोचले.

एवढ्यात मागून, सतरंजी आणि स्नेअरच्या मधून, गिटारवाला विचारील, ‘काका, आणि माझा सोलो?’ स्कूटर त्याने मित्राला दिलेली असते. त्याला स्टँडची पिशवी आणि सिंबल देऊन ताईच्या तिसऱ्या मजल्यावर पाठवावे. उत्तर तो खाली आल्यावर द्यावे.