वहीवाले काका

डोंबिवलीतल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत शिरा आणि जिन्याखालच्या मीटरच्या कपाटापाशी जरा थांबा. महिन्याची चोविसावी-पंचविसावी तारीख असेल, तर हातात बॅटरी, नाकावर घसरलेला चष्मा आणि खांद्यावर पंचा अशा थाटात एक गृहस्थ तिथं वाकलेले दिसतील. त्यांना वायरमन समजून फ्यूजबद्दल विचारू नका. ते वहीवाले काका. नावाची पाटी त्यांच्याही दाराला आहे, पण ती वाचायची वेळ कुणावर येत नाही.

महावितरणचा घरगुती दर पहिल्या 100 युनिटांना एक आणि 101 ते 300ला दुसरा, बराच चढा. त्यामुळे शंभराच्या आत राहणं हा काकांच्या मते सभ्य माणसाचा धर्म. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींची ठाम समजूत अशी, की एकशेएकावं युनिट पडलं की अख्खं बिल वरच्या दरानं येतं. काकांनी त्यांना भर जिन्यात, पायरीवर खडूनं आकडे मांडून पटवून दिलं, की वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. वहिनींना पटलं. मग त्यांनी साहजिकच विचारलं, "अहो, मग दोन-चार युनिटं जास्त झाली तर असे किती पैसे जाणार? कशाला एवढा जीव टाकता?" काका खडू खिशात ठेवत म्हणाले, "प्रश्न पैशांचा नाही हो. शंभराच्या आत ठरलं होतं." कुणाचं कुणाशी ठरलं होतं, हे काकूंनाही माहीत नाही.

वापर 97वर आला की घरात फतवा निघतो. इस्त्री बंद. मिक्सर बंद, चटणी खलबत्त्यात. गीझर तर केव्हाच बंद. पाणी गॅसवर तापवावं म्हटलं, तर सिलिंडरवर खडूनं जोडल्याची तारीख लिहिलेली असते आणि तो किती दिवस गेला पाहिजे हेही ठरलेलं असतं. मग काका गार पाण्यानं आंघोळ करतात आणि बाहेर येऊन ती प्रकृतीला कशी चांगली, यावर पाच मिनिटं बोलतात. दात वाजत असल्यामुळे सगळं कळत नाही.

त्यांची वही बाजारातली नव्हे. मुलगा शाळेत होता तेव्हा दर वर्षी जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून ती दाभणानं शिवायची पद्धत होती. मुलगा आता चाळिशीला टेकला, पुण्यात स्थायिक झाला, पण पानं अजून संपलेली नाहीत. त्यामुळे एका पानाच्या डोक्यावर मुलाच्या गोल अक्षरात 'भारतातील खनिज संपत्ती' असं आहे, त्याखाली तांबड्या शाईची रेघ, आणि रेघेखाली काकांच्या अक्षरात 'शेंगदाणे अर्धा किलो, गूळ पाव किलो'. संपत्तीचा हिशेब म्हणून हे काही चूक नाही.

एवढा आटापिटा कशासाठी, हे समजायला जमेची बाजू बघावी लागते. काका फोर्टातल्या एका खासगी कंपनीत कारकून होते. पीएफची पेन्शन येते, पण खासगी कारकुनाची ती पेन्शन ऐकून सरकारी निवृत्त लोक विषय बदलतात. बाकी भिस्त पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेवर. दहा लाखांवर 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 20,500 रुपये. ते एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी अशा महिन्यांत येणार आणि वाणी मात्र दर महिन्याला यादी मागणार. त्यामुळे काका तिमाहीचे तीन भाग करून तीन पाकिटांत घालतात. 2023च्या अर्थसंकल्पात या योजनेची मर्यादा 15 लाखांवरून 30 लाख झाली, तेव्हा कट्ट्यावर सगळे त्यांचं अभिनंदन करायला लागले. काका म्हणाले, "विहीर खोल केली खरी, पण आमचा दोर तेवढाच आहे." मुलगा पैसे पाठवतो म्हणतो. काका घेत नाहीत. त्याच्या डोक्यावर फ्लॅटचा हप्ता आहे, आणि तो हप्ताही काकांनी स्वतंत्र पानावर मांडून ठेवला आहे.

हिशेबाची ही नजर लोकलनं तयार केली असं माझं मत आहे. रेल्वेचा तीन महिन्यांचा पास महिन्याच्या पासाच्या 2.7 पट असतो, म्हणजे तिनाला दहा टक्के सूट. हे पुष्कळांना माहीत असतं. वर्षाचा पास 10.8 पट, म्हणजे बाराला तीच दहा टक्के सूट, हे काकांनी फलाटावर उभ्या उभ्या तोंडी काढलं होतं. "मग वर्षाचे पैसे आधीच का अडकवायचे? तिमाही काढावा." या एका वाक्यावर त्यांनी उभी नोकरी काढली. डब्यातल्या चौथ्या सीटवर अर्धवट टेकून पस्तीस वर्षं प्रवास केलेला माणूस पुढं आयुष्यातही अर्ध्या जागेत नीट बसू शकतो.

वाण्याच्या दुकानात त्यांना बघावं. तेलाच्या दोन पिशव्या दोन हातांत घेऊन ते उभे असतात. दोन्ही दिसायला सारख्या. एकीवर 910 ग्रॅम, म्हणजे पुरतं एक लिटर. दुसरीवर बारीक अक्षरांत 850 ग्रॅम आणि मोठ्या अक्षरांत 'बचत'. काका दुसरी पिशवी परत ठेवतात, पण गप्प राहून नव्हे. मागे रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते दोन्ही पिशव्या दाखवतात. दुकानदार बिचारा आभाळाकडे बघत राहतो. 'एकावर एक फुकट' या पाटीपुढून तर काका मान खाली घालून जातात, जशी जुनी माणसं गुत्त्यापुढून जात.

सुट्ट्यांऐवजी चॉकलेटं हातावर टेकवायची चाल दुकानदारांनी काढली, तेव्हा काकांनी काही वाद घातला नाही. ती चॉकलेटं ते बरणीत साठवत गेले. दोनेक महिन्यांनी मिठाच्या पुड्याचे पैसे त्यांनी त्याच दुकानात, त्याच चॉकलेटांत मोजून दिले. "तुमचंच चलन आहे, चालायला हरकत नसावी." तेव्हापासून त्या दुकानात काकांसाठी सुट्टे पैसे वेगळे ठेवलेले असत. आता मोबाइलवरून सत्तेचाळीस म्हणजे सत्तेचाळीसच जातात आणि हा खेळ संपला. काकांना मोबाइलचा व्यवहार आवडत नाही, त्याचं कारण हे आहे. ते सांगतात मात्र सुरक्षिततेचं.

तेलाच्या पिशवीचं पुढं काय होतं, हे सांगितलंच पाहिजे. कोपरा कापून तेल बरणीत ओतलं, की आपल्या दृष्टीनं पिशवी रिकामी होते. काकांच्या दृष्टीनं ती तेव्हा भरलेली असते. कपड्यांचा चिमटा लावून ती मांडणीच्या खिळ्याला उलटी टांगायची, खाली बरणी. रात्रभर थेंब पडतात. सकाळी दीड चमचा तेल. मग पिशवी उभी चिरायची आणि पोळ्यांची कणीक मळून झाली की गोळा तिच्यात फिरवायचा, म्हणजे वरून तेलाचा हात द्यायला नको. एवढं झाल्यावर ती कचऱ्यात जाते. घंटागाडीवाल्याला आमच्या अख्ख्या गल्लीतून मिळणारी ती सर्वांत स्वच्छ वस्तू असावी.

या सगळ्या चोख कारभाराला एकच भोक होतं आणि ते 8 नोव्हेंबर 2016च्या रात्री सापडलं. पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्याचं टीव्हीवर ऐकलं आणि काका समाधानानं म्हणाले, "आपल्याला काय! आपल्या घरात बुधवारच्या भाजीपुरते पैसे." काकू उठल्या. स्वयंपाकघरात डब्यांचे आवाज झाले. फळीवरच्या कागदाखालून, पुरणयंत्राच्या डब्यातून आणि लोकरीच्या गुंड्याच्या पोटातून मिळून पाचशेच्या सदतीस नोटा बाहेर आल्या. साडेअठरा हजार!

काका रागावले असते तर बरं झालं असतं, असं काकू म्हणतात. ते रागावले नाहीत. त्यांनी माळ्यावरून वह्या काढल्या आणि तीन रात्री बसून हे पैसे कुठल्या खात्यातून गळले याचा छडा लावला. खोबरं! बारा वर्षं घरात आठवड्याला एक नारळ येत होता आणि वहीत दोन लागत होते. देशावर जन्मलेल्या, कोकण फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिलेल्या बायकोच्या आमटीत इतकं खोबरं जाईल कसं, ही शंका आपल्याला यायला हवी होती, याचंच त्यांना जास्त लागलं. "एवढी वर्षं मला कळलं कसं नाही?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा काकू म्हणाल्या, "तुम्ही मीटर बघत होतात, मी तुम्हाला."

नोटा बँकेत भरल्या. वहीत 'सौ. – खोबरं' असं नवं खातं निघालं आणि त्यात महिन्याला ठरावीक रक्कम रीतसर पडू लागली. प्रकरण मिटलं असं काकांना वाटतं. काकूंनी मात्र आता वेलदोड्यांत लक्ष घातलं आहे, असं माझ्या बायकोकडून कळतं.

सवलती हा काकांचा दुखरा कोपरा. रेल्वेत साठीच्या पुरुषांना लांबच्या गाडीत 40 टक्के सूट असायची. त्या भरवशावर त्यांनी काशीला जायचा बेत दहा वर्षं पुढं ढकलला होता. साठी भरायची होती मार्च 2020च्या शेवटच्या आठवड्यात. सवलत बंद झाली 20 मार्चला. पाठोपाठ गाड्याच बंद झाल्या. गाड्या पुन्हा सुरू झाल्या, सवलत आलीच नाही. त्या करोनाकाळानं लोकांचं पुष्कळ नेलं, त्यामुळे काका याबद्दल मोठ्यानं बोलत नाहीत. पण वहीत 'काशी' या नावाचं एक पान आहे आणि त्यावर फक्त तारीख आहे.

मग एसटीनं थोडी भरपाई केली. मार्च 2023पासून बायकांना अर्धं तिकीट झालं आणि त्या महिन्यापासून नात्यागोत्यातली लग्नं, मुंजी, बारशी, डोहाळजेवणं या सगळ्यांना घरातर्फे काकू जाऊ लागल्या. साताऱ्याच्या चुलत सासूबाईंकडे वीस वर्षांत कुणी गेलं नव्हतं, तिथंही जाऊन आल्या. "संबंध जपायला हवेत," काका म्हणायचे. गेल्या वर्षी त्यांना पासष्ट पूर्ण झाली आणि त्यांचंही तिकीट अर्धं झालं. आता दोघं मिळून एका तिकिटात जातात. पंचाहत्तरीला संपूर्ण फुकट आहे. काका रोज सकाळी प्राणायाम का करतात, हे त्यावरून लक्षात यावं.

अशा माणसाला लोक पाठीमागे कंजूष म्हणतात. मला ते मान्य नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाच्या पिशव्यांचा हिशेब चौकटी-चौकटींतून लिहिलेला असतो, जादा घेतलेल्या अर्ध्या लिटरवर गोल असतो, पेपर न आलेल्या दिवसावर फुली असते. कामवाल्या बाईंचा खाडा मात्र त्यावर कधी नसतो. दिवाळीला वसुबारसेच्या दिवशी पूर्ण महिन्याचा पगार बोनस म्हणून त्यांच्या हातात पडतो, तोही कोऱ्या नोटांत. आमच्यातले हॉटेलात पाच हजारांचं बिल करून येणारे लोक याच बाईंशी शंभर रुपयांच्या पगारवाढीवर आठवडाभर हुज्जत घालतात. कंजूष कुणाला म्हणायचं, ते त्यांनी ठरवावं.

शिवाय आंबे आहेत. एप्रिलात हापूसच्या पेटीचा भाव ऐकून काका नुसते हसतात. मे महिना सरत येतो, ढग दिसायला लागतात, बागायतदाराला माल काढायची घाई होते, भाव उतरतो, आणि मग एका संध्याकाळी काका पाच डझनांची पेटी रिक्षातून आणतात. होय, रिक्षातून, तीही शेअर नव्हे! मुलगा, सून, नातवंडं पुण्याहून आलेली असतात. त्या चार दिवसांत कुणी किती आंबे खाल्ले हे मोजायचं नाही असा दंडक आहे, आणि तो काकांनीच घातला आहे. रस वाढताना त्यांचा हात सैल सुटलेला मी पाहिला आहे. वहीत हा खर्च 'औषधपाणी' या सदरात लागतो. कारण सणावाराचं पाकीट मेपर्यंत रिकामं झालेलं असतं आणि औषधाच्या पाकिटात, गार पाण्याच्या आंघोळींमुळे म्हणा, दर वर्षी थोडे पैसे उरतात.

तुमच्याही सोसायटीत असे एक काका असतील. त्यांच्याकडे शिडी आहे, पक्कड आहे, पाना आहे, रेशनकार्डापासून हयातीच्या दाखल्यापर्यंत कुठला कागद कुठल्या खिडकीवर द्यायचा याची माहिती आहे. मागायला संकोच करू नका, सगळं मिळेल. वाटीभर साखर लागली तर तीही मिळेल. फक्त परत करताना एक बघा. काकांनी दिली असेल तर वाटी बोटानं सपाट केलेली असते, सपाटच परत न्या. काकूंनी दिली असेल तर शीग असते. ती शीग विसरू नका. ती वहीत नसते, पण काकूंच्या लक्षात असते.