तापलेला ट्रॅक्टर आणि भोवतीचं कोंडाळं

जुना ट्रॅक्टर तापतो तो खळ्यावर, मळणी ऐन भरात असताना आणि शेजारच्या चार शेतांतली माणसं मोकळी असतील अशा वेळी. बॉनेटच्या फटीतून वाफ दिसली की पाच मिनिटांत कोंडाळं जमतं. प्रत्येकाकडे निदान तयार असतं. चौदा-पंधराचा पाना मात्र कुणाकडे नसतो. "हेड गेलं, इंजिन बांधायला काढा" हे मत सगळ्यांत आधी येतं, आणि देणाऱ्याच्या खिशातून काही जाणार नसल्यामुळे ठामपणे येतं. खरं तर तापण्याची कारणं ट्रॅक्टरच्या नाकापासून सुरू होतात आणि पोटापर्यंत जायची वेळ क्वचितच येते. दुरुस्तीही त्याच वाटेनं करायची असते, कारण नाक फुकटात साफ होतं आणि पोट उघडायला सोसायटीचं कर्ज लागतं.

डिझेल जळून जी उष्णता तयार होते, तिच्यातला ढोबळमानानं तिसरा हिस्सा नांगर ओढतो, तिसरा हिस्सा धुराबरोबर उडून जातो आणि उरलेल्यातला बराचसा पाण्याच्या गळ्यात पडतो. ३५ हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण जोरात चालतं तेव्हा रेडिएटरला दोन किलोवॅटच्या दहा-बारा गीझरांएवढी उष्णता अखंड बाहेर टाकावी लागते. सगळेच ट्रॅक्टर पाणी पितात असं नाही. १९५९ साली फरिदाबादला बनू लागलेल्या आयशर ट्रॅक्टरांची इंजिनं हवेनं गार होणारी होती. त्यांच्या मालकांना पाणी उकळण्याची चिंता नव्हती, म्हणजे चिंतेचा एक प्रकार कमी होता. इथे विचार पाणी पिणाऱ्यांचाच आहे.

तापल्याबरोबर दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे कुणीतरी धावत जाऊन कळशीभर गार पाणी आणतं. उन्हातून आलेल्या पाहुण्याला आधी गूळ देतात, मग पाणी. इंजिनाला गूळ नको असतो, पण लोड काढून दोन-चार मिनिटं हळू चालणं आणि मग अर्धा तास सावली हवी असते. (पाणी पार संपलेलं असेल तर मात्र इंजिन ताबडतोब बंद करायचं.) लालबुंद बिडावर गार पाणी पडलं तर ब्लॉकला तडा जातो, आणि तो तडा कोंडाळ्यातल्या कुणाच्याच ओळखीच्या मिस्त्रीला सांधता येत नाही. दुसरी चूक झाकण उघडण्याची. ओलं गोणपाट टाकून, तोंड लांब ठेवून, झाकण पाव फेरा फिरवायचं आणि फुसफुस थांबेपर्यंत वाट बघायची, तीही इंजिन बरंच निवल्यावर. "तात्या, लांब व्हा" हे वाक्य इथे किमान तीनदा म्हणावं लागतं, कारण तात्यांना आत काय दिसतं ते बघायचंच असतं.

झाकण बहुतेकांना डब्याच्या झाकणासारखं वाटतं. ते असतं कुकरच्या झाकणासारखं. त्यातली स्प्रिंग पाण्यावर सुमारे सात पौंडांचा दाब ठेवते आणि उत्कलनबिंदू दहा-अकरा अंशांनी वर नेते. देशावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीला, उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणजे हे अकरा अंश चैनीचे नसतात. पण जुन्या ट्रॅक्टरचं झाकण कधीतरी नांगरटीत पडलेलं असतं आणि त्या जागी धोतराची चिंधी गुंडाळलेली लाकडी खुंटी असते. शिट्टीशिवाय कुकर लावणार नाही अशा घरातला माणूसही या खुंटीवर चार हंगाम काढतो. नव्या झाकणाची किंमत बघितली तर ही दुरुस्ती सगळ्यांत आधी व्हायला हवी. ती सगळ्यांत शेवटी होते.

तापमानाच्या काट्याचा उल्लेख केवळ पूर्णतेसाठी. तो बहुधा हिरव्या पट्ट्यावर कायमचा वस्तीला आलेला असतो. त्याची वायर उंदरानं खाल्लेली असते, आणि त्याच ट्रॅक्टरवरचा टेप मात्र उसाच्या दोन ट्रॉल्या ओढतानाही कधी बंद पडत नाही. मग ड्रायव्हर पायाला लागणाऱ्या झळीवरून तापमान ओळखतो. अंदाज बरोबर येतो, फक्त पाच मिनिटं उशिरा येतो.

आता नाक. मळणीयंत्र पीटीओवर चालत असताना ट्रॅक्टर एका जागी उभा असतो, इंजिनावर पूर्ण भार असतो आणि हवेत सोयाबीनचा भुसा. पंखा समोरून हवा ओढतो, म्हणजे भुसाही ओढतो. समोरची जाळी काढली की रेडिएटरवरून भुसा, गवताचं बी, काळी धूळ आणि गळक्या ऑइलचा मिळून झालेला थर घोंगडीसारखा अखंड सोलून निघतो. त्यात कधी चिमणीचं पीसही सापडतं. एवढी घोंगडी पांघरून उन्हात राबणारं इंजिन तापलं नसतं तरच नवल. साफसफाई आतून बाहेर करायची: पंख्याच्या बाजूनं फवारणीच्या पंपानं पाणी मारून भुसा ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं परत पाठवायचा. समोरून जोराची धार मारली तर तो आणखी आत बसतो आणि पापुद्र्यासारखे पत्रेही मुडपतात.

पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून बघतात. बारा-पंधरा मिलिमीटर दबला तर ठीक; जास्त दबला तर तो फिरण्याचं नाटक करतो आहे. मागच्या दुरुस्तीत पंखा उलटा बसवला गेला नाही ना, हेही बघावं. उलटा बसलेला पंखा हवा त्याच दिशेनं ओढतो, पण मन लावून नाही. वॉटर पंपाच्या पोटातल्या बारीक छिद्रातून पाणी ठिबकत असेल तर त्याचं सील गेलेलं असतं. ते छिद्र खिळा ठोकून बंद करणारे लोक आहेत.

पाण्याचं दुखणं सावकाश वाढतं. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं ओतलं की बंबात खरवडावा लागतो तसा पांढरा थर इंजिनात चढतो, आणि इंजिनात खरवडायला हात जात नाही. धुण्याचा सोडा किंवा लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून भरायचं, अर्धा तास इंजिन चालवून निवल्यावर सोडून द्यायचं. रेडिएटरखालच्या कॉकबरोबर ब्लॉकचा कॉकही उघडावा लागतो. तो असतो हेच आठवायला वेळ लागतो आणि तो उघडायला त्याहून जास्त. नळ्याच तुंबल्या असतील तर रेडिएटरवाला वरची टाकी सोडवून नळ्यांतून पट्टी फिरवतो. नंतर निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड किंवा पावसाचं पाणी भरावं.

गळती लागली तर कोंडाळ्यातून "हळद टाका" असा आवाज येतो. जखम, खोकला आणि रेडिएटर या तिन्हींवर हळद चालते यावर ग्रामीण महाराष्ट्राचं एकमत आहे. ती फुगून भोकात बसते आणि ट्रॅक्टर घरापर्यंत येतो हे खरं. पण तीच पुढे चांगल्या नळ्यांतही बसते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या उपयोगासाठी नसावं. घरी आल्यावर डाग मारून घेणं हाच उपाय.

थर्मोस्टॅटवर सर्वांत मोठा अन्याय होतो. साधारण ८२ अंशांना त्यातलं मेण फुगतं, तोंड उघडतं आणि पाणी रेडिएटरकडे सुटतं. तो अडकला की इंजिन तापतं, म्हणून मिस्त्री तो काढून फेकतात. मग थंडीच्या सकाळी इंजिन गारठलेलं राहतं, डिझेल जास्त पितं आणि लायनर झिजतात. तपासणी सोपी आहे: पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्यानं टांगायचा, उकळी फुटायच्या आत तोंड उघडलं तर निर्दोष. अवघड आहे ते पातेलं मिळवणं. दुधाचं मागितलं तर उत्तर येत नाही, चहाचं मागितलं तर येतं. शेवटी कुत्र्याच्या भाकरीचं भांडं मिळतं आणि त्यात प्रयोग पार पडतो.

एवढं होऊनही पाणी घटत राहिलं तर थंड इंजिनाचं झाकण उघडं ठेवून ते चालू करावं. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे थांबत नसतील किंवा डिपस्टिकवर ऑइलचा दुधाळ चहा झालेला दिसला, तर हेडचं गॅसकेट गेलेलं असतं. म्हणजे पहिला सल्लागार बरोबर होता, आणि हे तो पुढची दहा वर्षं सांगणार असतो. हेड उतरवून लेथवर सपाट करून घ्यावं, गॅसकेट नवं टाकावं आणि नट मधून कडेकडे, तीन टप्प्यांत, टॉर्कच्या पान्यानं आवळावेत. मिस्त्रीचा "हाताचा अंदाज" इथे चालत नाही.

शेवटी इंजिन हळू चालू ठेवून सावकाश पाणी भरतात, अडकलेली हवा बाहेर पडू देतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा बघतात. झाकण तोवर नवं आलेलं असतं. जुन्या खुंटीवरची चिंधी मात्र टाकून देत नाहीत. ती डिपस्टिक पुसायला लागते.